मॅनेजरसाहेब, तेवढं लेखी द्या!

प्रति,
मा. प्रोजेक्ट मॅनेजर साहेब यांस,

विषय: डेटाबेस 'स्लो' असल्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि. परवा रात्री दीड वाजता आपण फोनवरच निदान केलंत आणि उपचारही सांगितलात : "सर्व्हर रिस्टार्ट मार." आख्खं वर्तकनगर झोपलेलं असताना मी मात्र आधी लॉक तपासत बसलो. आपल्याच टीममधल्या एका होतकरू मुलाने संध्याकाळी अपडेट चालवलं, कमिट न करता सेशन तसंच उघडं टाकलं आणि डोंबिवलीची लोकल गाठली. त्याने अडवलेल्या ओळींसाठी बाकीची सेशन्स ताटकळत होती. ते एक सेशन मारलं, सगळं सुरळीत झालं. रिस्टार्ट केला असता तर चालू कामं तुटली असती आणि मूळ कारणाचा पत्ताही लागला नसता. पण आपल्या रिपोर्टमध्ये 'रिस्टार्ट' हा शब्द किती भारदस्त दिसला असता!

डिस्क भरली की 'लॉग उडव' हाही आपला रामबाण उपाय. आपल्यासारखे जाणकार जगभर आहेत. पोस्टग्रेसच्या 'पीजी एक्सलॉग' या फोल्डरच्या नावात 'लॉग' दिसला म्हणून लोक तो साफ करायचे, त्यातल्या आवश्यक नोंदी जायच्या आणि डेटाबेस उठायचाच नाही. अखेर 2017 साली दहाव्या आवृत्तीत त्या फोल्डरचं नावच 'पीजी वॉल' करावं लागलं. ओरॅकलचे आर्काइव्ह लॉगही आधी बॅकअप घेऊन आरमॅन या बॅकअपच्या साधनातूनच काढायचे असतात. पण शिस्तीला वेळ लागतो, आणि आपल्याकडे तर डेडलाइन असते.

बॅकअपबद्दल तर काय बोलावं! "रेप्लिका आहे ना, मग बॅकअप कशाला?" हे आपलं वाक्य मी जपून ठेवलंय. प्रायमरीवर चुकून टेबल ड्रॉप झालं, तर रेप्लिका तेही इमानेइतबारे लगेच ड्रॉप करते.

आणि बॅकअप नुसता असूनही भागत नाही, तो तपासावा लागतो. 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कोड-होस्टिंग कंपनीच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरचीच डेटा डिरेक्टरी पुसली. क्षणात लक्षात आलं, तोवर सुमारे 300 जीबीतले 4.5 जीबीच उरले होते. बॅकअपची व्यवस्था एक सोडून पाच प्रकारची. ऐन वेळी एकही धड नाही. डंप घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं, त्यामुळे डंप फसत होता; तसं सांगणारे ईमेल पोचतच नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेला एक स्नॅपशॉट हाती होता, त्यावर निभावलं.

म्हणून एक टेस्ट सर्व्हर मागतोय. महिन्यातून एकदा तिथे बॅकअप रिस्टोअर करायचा, ओळी मोजायच्या, किती वेळ लागला ते टिपून ठेवायचं. शिवाय प्रॉडक्शनवर अपडेट चालवण्याआधी त्याच अटीने सिलेक्ट करून बघायची सक्ती हवी. त्याला तर पैसेही लागत नाहीत.

हे परवडत नसेल तर हरकत नाही. 'रिस्टोअर तपासण्याची गरज नाही' एवढी एक ओळ ईमेलवर पाठवा. त्या ईमेलचा बॅकअप मी स्वतः घेईन, आणि तो रिस्टोअर करूनही बघेन.

कळावे, लोभ असावा. जमल्यास बजेटही.

आपला नम्र,
डीबीए, वर्तकनगर, ठाणे (प.)