बर्फात चालण्याचं आळशी शास्त्र

बर्फाच्या डोंगरात दिवसभराची पायपीट कोणी करावी, याबद्दल मोठा गैरसमज आहे. काटक, धाडसी, पहाटे गार पाण्याने आंघोळ करणाऱ्या माणसाचं ते काम, असं सगळे धरून चालतात. प्रस्तुत मार्गदर्शनाचा सिद्धान्त नेमका उलटा आहे: बर्फात उत्साही माणूस गोत्यात येतो आणि आळशी माणूस अंधार पडायच्या आत गाडीशी परत आलेला असतो. सिद्धान्त हवेत राहू नये म्हणून आधी जागा ठरवून घेऊ. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वत आहे. न्यू जर्सीतली मराठी मंडळी गाडीने पाचेक तासांत तिथे पोचतात. तिथल्या हाय पीक्स भागातलं माउंट मार्सी हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर, उंची १,६२९ मीटर. हा आकडा ऐकून सह्याद्रीत पाय मुरवलेला माणूस हसतो, कारण आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. हसून घ्यावं. फरक इतकाच की कळसूबाईच्या माथ्यावर देवी आहे आणि जानेवारीतल्या मार्सीच्या माथ्यावर फक्त वारा आहे; शिवाय नेहमीच्या वाटेने जाऊन-येऊन २४ किलोमीटर चालायचं आणि वाटेत पिठलं-भाकरी कोणी विचारणार नाही.

आळशाचं मुख्य आयुध म्हणजे स्नोशू. अ‍ॅल्युमिनियमची लंबगोल चौकट, तिच्यात ताणून बसवलेलं जाड कापड, बूट आवळायचे पट्टे आणि तळाला दातेरी पोलाद. चवड्याखाली बिजागरी असते, त्यामुळे टाच मोकळी उचलली जाते आणि स्नोशूचं शेपूट बर्फावरून घसटत मागून येतं. साधारण २५ इंच लांब आणि ८ इंच रुंद असा हा पसारा बुटाच्या तळव्याच्या चार-पाच पट भरतो. तेवढ्या जागेत वजन वाटलं गेलं की मांडीपर्यंत जाणारा पाय घोट्याशी किंवा पोटरीशी थांबतो. म्हणजे पाय कमी उचलावा लागतो, आणि पाय कमी उचलावा लागणं हीच तर आळसाची व्याख्या. अ‍ॅश लाकडाची चौकट वाकवून तिच्यात कच्च्या चामड्याच्या वाद्या विणणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींनी हे कित्येक शतकांपूर्वी ओळखलं होतं. पुढे कोणी तरी टाचेखाली एक तारेची कमान बसवली. चढ आला की ती उभी करायची, टाच तिच्यावर टेकायची, पोटऱ्यांना जिना चढल्याइतकाच त्रास. या अनाम आळशाचा पुतळा अजून कुठे उभारलेला दिसत नाही. एकच पथ्य: मागे पाऊल टाकू नये. शेपूट बर्फात रुततं आणि माणूस भर वाटेत बसकण मारतो. वळायचं असेल तर मिरवणुकीतल्या हत्तीसारखा ऐसपैस फेरा घ्यावा.

इथे हिशेबी वाचक हरकत घेईल. स्नोशूच्या जोडीचं वजन दोनेक किलो, आणि पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच किलोंच्या बरोबरीचं, असा डोंगरातला ठोकताळा आहे. मग दहा किलोंचं ओझं आपण होऊन पायात बांधणारा आळशी कसा? हरकत बिनतोड आहे, पण घट्ट तुडवलेल्या वाटेपुरतीच. भुसभुशीत बर्फात नुसत्या बुटांनी निघालेला माणूस दर पावलाला कंबरेपर्यंत रुततो आणि स्वतःला उपसून काढतो. शिवाय त्याने पाडलेले खड्डे रात्रीतून गोठून टणक होतात आणि दुसऱ्या दिवशी मागून येणाऱ्याचा पाय मुरगळायला तयार असतात. म्हणून हाय पीक्सच्या पूर्व पट्ट्यात कायदाच आहे: बर्फ आठ इंचांवर गेला की स्नोशू किंवा स्की पायात हवीच. पायात, सॅकवर लटकवलेली नव्हे. सरकारने आळस सक्तीचा केल्याची उदाहरणं जगात थोडी. हे त्यातलं एक.

खरा पुरावा मात्र घामाचा आहे. बर्फात माणसाला थंडी सहसा बाहेरून गाठत नाही, ती त्याच्याच बनियनमधून येते. उत्साही माणूस गाडीतून उतरतो तो गुबगुबीत जाकीट घालूनच, पहिला चढ झपाझपा मारतो, वीस मिनिटांत आतून चिंब होतो आणि फोटोसाठी थांबतो. पाणी अंगातली ऊब हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने पळवतं, हे त्याला फोटो काढता काढता कळतं. बनियन सुती असेल तर ते पाणी धरून ठेवतं, सोडायचं नाव घेत नाही. गडावर घालायचा लाडका टी-शर्ट इथे आणू नये तो यासाठीच. आळशाची रीत वेगळी. अंगाला लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, वर एखादा फ्लीस, वारा अडवणारं कवच सॅकमध्ये. आणि निघताना किंचित कुडकुडत निघायचं. घाम येईलसं वाटलं की वेग कमी करायचा. कोणी विचारलं तर ‘तापमानाचं नियोजन चालू आहे’ असं सांगावं. थांबलं की मात्र क्षणाचाही आळस न करता पिसांचं जाकीट चढवायचं. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठत येतं आणि उलट्या बाटलीचं बूच मोकळं राहतं. मोबाइल आतल्या खिशात, अंगाशी. थंडीत बॅटरी अचानक मान टाकते. खाणं दर तासाला. लाडू, चिक्की, काहीही चालेल, पण हातमोजे न काढता तोंडात टाकता आलं पाहिजे.

ताज्या बर्फात वाट पाडणं हे सर्वांत कष्टाचं काम, आणि ते पाळीपाळीने करायचं असतं. आळशाने आपली पाळी प्रामाणिकपणे घ्यावी, फक्त पुढे धावू नये. पुढे धावण्याचं काय होतं, याचा दाखला याच पर्वताच्या पूर्वेकडच्या लेक जॉर्जजवळ मिळतो. १३ मार्च १७५८ रोजी रॉबर्ट रॉजर्सच्या ब्रिटिश रेंजर्सनी स्नोशू घालून दबा धरला, समोर आलेल्या फ्रेंच बाजूच्या तुकडीवर गोळीबार केला आणि ती पळाल्यावर विजयाच्या भरात तिच्या मागे लागले. ती नुसती आघाडी होती. मुख्य फौज मागून येत होती, आणि पाठलाग करणारे थेट तिच्या तोंडात गेले. सुमारे १८० जणांपैकी निम्म्याहून अधिक गमावले. पायातल्या स्नोशूंनी त्यांना दगा दिला नव्हता.

आता मुख्य आक्षेप. आळशी माणूस पहाटे उठेल कसा? डिसेंबरअखेर तिथे जेमतेम नऊ तासांचा उजेड असतो, साडेचारच्या आत सूर्य बुडतो, म्हणून निघायचं उजाडण्याआधीच. उत्तर असं की उशिरा निघणाऱ्याला घाई करावी लागते, आणि घाई म्हणजे कष्ट. खरा आळशी एकदाच, तासभर, सोसतो. दुसरा आक्षेप: एवढाच आळस असेल तर घरीच का बसू नये? घरी लोळायला अक्कल लागत नाही. शून्याखाली वीस अंशांत कमीत कमी कष्टात जिवंत राहण्याला मात्र हिशेब लागतो. तिसरा आक्षेप शिखराचा, आणि तो सह्याद्रीकरांकडून हमखास येतो: इतक्या लांब येऊन माथा न गाठता परत फिरायचं? फिरायचं. परतीची वेळ गाडीशीच ठरवावी, आणि घड्याळात ती वाजली की माथा समोर दिसत असला तरी वळावं. शिखराखालच्या खुरट्या स्प्रूसच्या झाडांवर बर्फ साचून आत पोकळी राहते. वाट सोडून घाईने आडवं जाणारा त्यात छातीपर्यंत जातो आणि स्नोशू खालच्या फांद्यांत अडकते. तरीही ज्यांना इतिहासाचा आधार हवा त्यांनी सप्टेंबर १९०१ आठवावा. उपराष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मार्सीचा माथा करून खालच्या तळ्याकाठी उतरले असताना राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, आणि दुसऱ्याच दिवशी ते राष्ट्राध्यक्ष झाले. माथ्यावर त्यांना काहीही मिळालं नव्हतं. जे मिळालं ते उतरल्यावर.

या पद्धतीत एक दोष आहे आणि तो लपवणं बरं नाही. संध्याकाळी सगळे गाडीशी जमतात तेव्हा उत्साही मंडळी ओल्या मोज्यांनिशी मागच्या सीटवर कोसळून घोरायला लागतात. न्यू जर्सी अजून पाच तास लांब असतं. ताजातवाना, कोरडा आणि जागा असा एकच माणूस उरतो, आणि किल्ली त्याच्याच हातात येते.