बदलीसंहिता, अर्थात सहकुटुंब स्थलांतराचे नियम

शासनाने आपल्या नोकरवर्गाच्या बदल्यांसाठी २००५ साली जो अधिनियम केला, त्याचे नाव इतके प्रशस्त आहे की ते वाचून होईतो एखादी किरकोळ बदली उरकून घ्यावी. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध, असे दोन्ही विषय त्या एकाच नावात गुण्यागोविंदाने नांदतात. नेमणुकीचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा असावा आणि बदल्या सामान्यतः एप्रिल किंवा मे महिन्यात व्हाव्यात, अशी तरतूदही त्यात आहे. परंतु बदली झालेल्या मनुष्यास बायको असते, मुले असतात, आणि त्या मुलांच्या मालकीची, शिंपल्यांनी गळ्यापर्यंत भरलेली एक बरणी असते, याची दखल त्या अधिनियमात कोठेही घेतलेली नाही. हुकूम निघतो तो एका नावाचा. त्या नावामागून जे बिऱ्हाड निघते ते बिनहुकमी निघते. ही उणीव भरून काढावी, या शुद्ध लोकहिताच्या हेतूने, दापोलीहून यवतमाळास, म्हणजे राज्याच्या एका कडेवरून जवळजवळ दुसऱ्या कडेवर, दोन लहान मुलांसह जाऊन पडलेल्या एका गृहिणीने पुढील संहिता सिद्ध केली आहे.

कलम १. व्याख्या. ‘कुटुंबप्रमुख’ म्हणजे ज्याच्या नावे हुकूम निघाला तो इसम. सामान बांधण्याच्या दिवशी हा इसम जागेवर हजर असेल, असे या संहितेत गृहीत धरलेले नाही. वास्तविक नियमांनी त्यास पदग्रहण अवधी दिलेला असतो, आणि तो अवधी बिऱ्हाड हलवण्यासाठीच दिलेला असतो. परंतु तिकडची खुर्ची रिकामी आहे या विचाराने त्याच्या जिवाची अशी काही तगमग होते की तो एक बॅग, एक छत्री आणि इस्त्रीचे चार सदरे घेऊन आधीच रवाना होतो. जाण्यापूर्वी मात्र तो यादी करतो. आमच्याकडील यादी फुलस्केप कागदावर, पट्टीने रकाने आखून केलेली होती : अनुक्रमांक, वस्तू, नग, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या ओळीस ‘जपून’ असे लिहिले होते, आणि त्याखाली शेवटच्या ओळीपर्यंत, उंबरठ्यावरच्या पायपुसण्यासकट, ‘सदर’. त्यानंतर दररोज रात्री फोन : “काय गं, सगळं व्यवस्थित चाललंय ना?” या प्रश्नास ‘हो’ याखेरीज उत्तर देऊ नये. दुसरे कोणतेही उत्तर दिल्यास सूचना मिळतात.

कलम २. मुलांस वर्दी देणे. ही बातमी मुलांस शिपायाच्या मुलाकडून कळण्यापूर्वी घरातून कळावी, आणि ती देताना ‘तिकडे खूप मज्जा येणार’ हे वाक्य उच्चारू नये; मुलांचा या वाक्याशी दंतवैद्याकडे परिचय झालेला असतो. आमच्या कुटुंबप्रमुखांनी हे काम स्वतःकडे घेऊन, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावून, सह्याद्रीपासून वर्धा नदीपर्यंतचे सविस्तर विवेचन केले. ते संपल्यावर थोरल्याने एवढेच विचारले, “तिथे समुद्र आहे?” साहेब क्षणभर थांबले, आणि ज्या प्रामाणिकपणामुळे त्यांची आजवर इतक्या ठिकाणी बदली झाली आहे त्याच प्रामाणिकपणाने म्हणाले, “नाही. पण कापूस आहे.” थोरला उठून अंगणात गेला. कापसाने समुद्राची उणीव भरून निघत नाही, हे आठ वर्षांच्या मुलास जितके लख्ख दिसते तितके राजपत्रित अधिकाऱ्यास दिसत नाही.

लहान मुलास दूरचे सांगू नये, जवळचे सांगावे. तुझी गोधडी येणार, तुझी थाळी येणार, आणि मराठी शाळेत जाणारा असेल तर बालभारतीचे पुस्तकही तेच असणार. धडा क्रमांक आणि चित्रे दोन्हीकडे एकच, या गोष्टीचा थोरल्यास जो दिलासा वाटला तो मी पाहिला आहे. याखेरीज प्रत्येक मुलास एक खोका संपूर्ण त्याच्या अखत्यारीत द्यावा, त्यावर त्याचे नाव त्याच्याच हाताने लिहू द्यावे, आणि आत काय भरले आहे याची झडती घेऊ नये. धाकटीच्या खोक्यात तीन करवंट्या, डाव्या पायाची एक चप्पल आणि जांभ्याचा एक चिरा निघाला. चिऱ्याचे वजन लक्षात घेता हमालाने जे उद्गार काढले ते या संहितेच्या कक्षेबाहेर आहेत.

कलम ३. दाखला. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत मिळाला नाही म्हणून मुलाचे वर्ष जाईल, या भीतीने पूर्वी आया अर्ध्या होत. ज्या वर्गांना शिक्षण हक्क कायदा लागू आहे, म्हणजे पहिलीपासून आठवीपर्यंत, त्यांना ही भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही. २००९ च्या त्या कायद्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावा, आणि तो यावयास उशीर झाला या सबबीवर नव्या शाळेने प्रवेश लांबवू अथवा नाकारू नये. मात्र नव्या शाळेच्या कारकुनासमोर हे कलम वकिली थाटात म्हणून दाखवू नये. कलम मनात ठेवावे, तोंडी ‘जरा बघता का हो दादा’ एवढेच असावे. संगणकावरील मुलाची नोंद एका शाळेने मागावयाची आणि दुसरीने सोडावयाची असते. ती सोडणारी शाळा सुट्टीत बंद असते, यास्तव निघण्यापूर्वी बाईंचा मोबाइल क्रमांक घेऊन ठेवावा.

कलम ४. मांजर नेऊ नये. (या कलमाची अंमलबजावणी होऊ शकली नाही.)

कलम ५. बांधाबांध. ट्रकमध्ये जे शेवटी चढते ते प्रथम उतरते, हे तत्त्व ज्या गृहिणीस उमगले तिला उरलेले सारे आपोआप सुचत जाते. पहिल्या रात्रीची पिशवी निराळी करावी, आणि ती ट्रकात न देता आपल्या हाती ठेवावी : दोन बल्ब, पकड, सुतळी, सुरी, मेणबत्ती, साबण, मुलांचे औषध, चादरी, पोहे, गूळ, चहापत्ती. बादली आणि तांब्या ट्रकाच्या दारापाशी. गॅसचा सिलिंडर व रेग्युलेटर दुसऱ्या गावी नेता येत नाहीत. ते एजन्सीत जमा करून कागद आणि अनामत परत घ्यावी, आणि तिकडचा सिलिंडर हाती येईतो विजेच्या शेगडीवर भागवावे. फ्रिज उभाच न्यावा, आणि उतरविल्यावर काही तास तरी चालू करू नये, मुले थंड पाण्यासाठी कितीही रडोत. लोणच्याची बरणी कोणाच्याही स्वाधीन करू नये; ती मांडीवरच प्रवास करते.

सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे कुटुंबप्रमुखाचा तो एक खोका, ज्यावर ‘कामाचे’ असे लिहिलेले असते. आत वायरी असतात, एक बंद पडलेला व्होल्टमीटर असतो, आणि कुलपे नसलेल्या किल्ल्या असतात. हा खोका अलिबागेस बांधला गेला तो अद्याप सुटलेला नाही. सुतळी तेवढी बदलते. त्यांच्या पश्चात तो भंगारवाल्यास देण्याचा अधिकार मला प्राप्त होता आणि भंगारवाला दारातच उभा होता. दिला नाही. तो खोका उतरवून घेताना मनुष्याच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो मी याआधी पाहिला आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही खोक्यास तो येत नाही.

कलम ६. घर पाहणे. हे काम ज्याने आधी जाऊन केले त्याच्यावर विसंबावे लागते. “जागा प्रशस्त आणि हवेशीर आहे, पश्चिमेला तीन मोठ्या खिडक्या,” असे आम्हांस कळविण्यात आले होते. कोकणात पश्चिमेची खिडकी म्हणजे संध्याकाळचे सुख. मे महिन्यातील यवतमाळात, पारा चव्वेचाळिसाच्या आसपास असता, पश्चिमेची खिडकी म्हणजे भट्टीचे दार. आम्ही भल्या पहाटे धामणगावास गाडीतून उतरलो तेव्हा हवा गार होती, आणि साहेब फलाटावर अशा मुद्रेने उभे होते की ही हवा जणू त्यांनीच मंजूर करून आणली आहे. दुपारी दोन वाजता ती मुद्रा पालटली. सबब, घर पाहताना खिडक्या मोजू नयेत. नळास पाणी किती दिवसांआड येते, टाकी किती लिटरांची आहे, कूलर ठेवण्यास सावलीची बाजू कोणती, वरती गच्ची उघडी आहे की आणखी एक मजला आहे, हे विचारावे. पलंगाआधी कूलर घ्यावा. मुलांना डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर सोडू नये. कोकणातून येताना मी चार छत्र्या आणल्या होत्या, त्या जून उजाडेपर्यंत उन्हासाठीच वापरल्या.

कलम ७. मधले दिवस. बदल्या मे महिन्यात होतात आणि विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात, या दोन शहाण्या नियमांच्या मधोमध एक पोकळी राहते आणि लहान मुले नेमकी तीत सापडतात. साहेबांना पहिल्याच दिवशी खुर्ची, घंटी आणि नमस्कार करणारी माणसे मिळतात. मुलांना वर्ग मिळतो तो जून सरता सरता. तोवर मित्र नाही, शाळा नाही, समुद्र तर नाहीच. थोरला रोज संध्याकाळी ऊन कलल्यावर बॅट घेऊन फाटकाशी उभा राही, कोणाशी बोलत नसे, चेंडू भिंतीवर आपटत बसे. आतून पाहणाऱ्या आईस अशा वेळी धावत जाऊन शेजारच्या मुलांना ‘ह्यालाही घ्या रे खेळायला’ म्हणावेसे वाटते. म्हणू नये. दात आवळून भाजी निवडावी. चेंडू कधीतरी फाटकाबाहेर जातो, कोणीतरी तो उचलतो, आणि परत करण्याऐवजी टाकतो. तेथून पुढचे काम आपले नाही. पहिल्या पावसाच्या सुमारास तो घरी येऊन “आई, काहून बोलावलं?” असे विचारता झाला, तेव्हा मी साहेबांच्या यादीत त्याच्यापुढे ‘पोहोचला’ असा शेरा मारला.

कलम ८. आहार. धाकटीने तर्री-पोह्यांची पहिली बशी डोळ्यांत पाणी आणून संपविली आणि दुसरी मागितली. अधिक लिहिण्यासारखे काही नाही. खोबऱ्याची विळी मात्र फळीवर बसून आहे.

कलम ९. गृहिणीचे रुजू होणे. याविषयी कोणत्याही नियमपुस्तकात एक ओळ सापडणार नाही. पदभार देण्याघेण्याच्या प्रमाणपत्रावर जाणारा आणि येणारा असे दोन अधिकारी सही करतात. घराच्या पदभारावर सही करावयास कोणी नसते, आणि दूध कोठले घ्यावे, डॉक्टर रात्री दार उघडतो का, हे सांगावयास तर नसतेच. साहेबांचे म्हणणे असे की शिपाई सर्व काही आणून देईल. आणून देईल, यात शंका नाही. पण शिपायाने आणलेल्या भाजीबरोबर बातमी येत नाही. म्हणून निक्षून सांगते : दळणाचा डबा गिरणीत स्वतः न्यावा. ज्वारी दळली जाईतो बाकावर बसावे, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, पगार सोडून. अर्ध्या तासात आपल्याला कामवाली, शिवणकाम करणारी, गोवराची लस कोठे टोचतात ते केंद्र, आणि जिची धाकटी आपल्या धाकटीएवढी आहे अशी एक मैत्रीण, इतके सारे मिळून जाते. त्या बाकावरच्या माहितीची यंत्रणा मंत्रालयाहून जलद आहे, हे मी जबाबदारीने लिहिते. परवा डब्याचे झाकण लावता लावता शेजारच्या काकू म्हणाल्या, “काहो बाई, साहेबाची बदली होऊन राहिली म्हणते?”

घरी येऊन मी हे साहेबांस सांगितले. तीन वर्षे कुठे झाली आहेत, असा कोणताही प्रस्ताव नाही, गिरणीतल्या वावड्यांवर सुशिक्षित माणसाने विश्वास ठेवावा काय, असे अधिनियमाचा हवाला देऊन त्यांनी मला बराच वेळ ऐकविले. मी पीठ चाळत होते. मग जेवणे झाली, मुले निजली, दिवा मालवला, आणि अंधारातून हलकेच प्रश्न आला :

“कुठे म्हणाल्या गं त्या?”