वानरमोजे

जळवा चढू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंत मोजे चढवून जो रानात वानरं मोजतो, त्याला आम्ही ‘वानरमोजे’ म्हणतो. आमच्या घरातला वानरमोजे म्हणजे माझा मावसभाऊ. वर्षातले सहा महिने तो उत्तर कन्नडमध्ये, अघनाशिनीच्या खोऱ्यात, मान वर करून उभा असतो. काळं अंग, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. हे सिंहपुच्छ माकड, तिथलं ‘सिंगळीक’, फक्त सह्याद्रीत सापडतं. प्रौढ उरलीत साधारण अडीच हजार. २०११ साली त्यांच्यासाठी तिथलं रान राखीव झालं आणि ह्याच्या मानदुखीला हक्काची जागा मिळाली.

‘‘किती दिसली रे?’’ असं त्याला विचारलं, की उत्तर ठरलेलं. ‘‘किमान चौदा.’’

फांद्यांवर बसलेली मोजायची नसतात म्हणे. तीच चार पानांआडून पुन्हा डोकावतात आणि आठ होतात. शेंड्याशेंड्यांवरून फिरणारा कळप झाडं विरळ झाली की एकामागून एक उड्या मारतो. तिथे दबा धरायचा. नर, माद्या, अर्धवट वाढलेली, पोटाला बिलगलेलं पिल्लू, सगळ्यांची वेगळी नोंद. तरी कुणी मागे राहिलंच असेल, म्हणून ‘किमान’.

ही खोड घरीही येते. मावशीनं विचारलं, ‘‘डब्यात लाडू किती उरलेत?’’

‘‘किमान तीन.’’

गेल्या वैशाखात त्याच्या बहिणीचं लग्न झालं. पानं मोजायचं काम काकांनी मोठ्या विश्वासानं ह्याच्यावर सोपवलं. पंगतीत लोक जागा बदलतात, म्हणून हा वही घेऊन जेवणघराच्या दारातच उभा. ‘‘प्रौढ नर... प्रौढ मादी, कडेवर एक...’’ हे पुटपुटणं नेमकं नवरदेवाच्या आत्याबाईंच्या कानावर गेलं. ते निस्तरायला एक पैठणी लागली.

रात्री आचारी हिशेबाला बसला. म्हणाला, ‘‘तीनशे पानं.’’

काकांनी ऐटीत ह्याच्याकडे पाहिलं. ह्यानं वही उघडली. ‘‘दोनशे एकतीस.’’

काकांचा चेहरा उजळला. पण वानरमोजेंना काही स्वस्थ बसवेना.

‘‘किमान,’’ तो म्हणाला.

‘‘मी तरी दुसरं काय म्हणतोय?’’ आचारी म्हणाला. ‘‘किमानाच्या वरची एकोणसत्तर माझ्या वहीत आहेत.’’