टॅबवाल्या डॉक्टरसाठी प्राथमिक सूचना

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचे एकदम उद्घाटन झाले. त्यात आपल्या वाशिमचेही होते, एमबीबीएसच्या १०० जागांचे. तुमचा नंबर लागला असेल, तर रिसोडपासून मानोऱ्यापर्यंतचे नातेवाईक एकच विचारतील, "काय काय लागते रे त्याले?" हाडांचा संच, ॲप्रन आणि टॅब, असे सांगून मोकळे व्हा. हाडे सिनिअरकडून मिळतात. टॅबसाठी मात्र सोयाबीनला भाव येण्याची वाट पाहू नका. तोवर इंटर्नशिप उलटेल.

पहिला प्रश्न : टॅब की ई-रीडर? ई-रीडर डोळ्यांना त्रास देत नाही, चार्जिंगसाठी रोज हट्ट धरत नाही, आणि एप्रिलच्या ज्या उन्हात टॅबच्या काचेत फक्त स्वतःचे घामेजलेले तोंड दिसते, तिथे त्यावरची अक्षरे स्वच्छ वाचता येतात. पण बहुतेक ई-रीडर कृष्णधवल. ॲटलासमध्ये मांडीच्या वरचा त्रिकोण उघडलात, की लाल धमनी, निळी शीर आणि पिवळी नस तिन्ही राखाडी. दुकानदार याला उणीव म्हणेल. तुम्ही शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये जाऊन पाहा. फॉर्मालिनमध्ये मुरलेल्या देहातही तिन्ही एकाच मळकट रंगाच्या असतात. तिथे रंग पाहून नव्हे, चिमटीत धरून ओळखायचे : नस भरीव, सुतळीसारखी, धमनीची भिंत जाड, ती नळीचा आकार सोडत नाही, शीर चपटी पडते. म्हणजे खरे बोलणारे यंत्र ई-रीडरच. तरीही टॅबच घ्या. कारण पुढे येईल.

आता पुस्तके भरा. ही पायरी सगळ्यांना उत्तम जमते. चौरसियाचे सगळे खंड, गायटन, रॉबिन्स, आणि पहिल्याच वर्षाला हॅरिसन. हॅरिसन कशाला, असे विचारायचे नसते. 'परीक्षेआधी' नावाचे फोल्डर करून त्यात महत्त्वाचे सगळे ठेवा, म्हणजे ते परीक्षेनंतर सापडते.

विच्छेदनाच्या वेळी टॅबला हात लावू नका. ओल्या हातमोज्याच्या बोटाने पान उलटायला जाल, तर मांडीवरून थेट मेंदूत पोचाल. कोरड्या हातांचा एक मित्र पाने उलटायला ठेवावा. हे काम पत्करणारा मुलगा वर्षभर विच्छेदन शिकत नाही, हे त्याला आधी सांगू नये.

वॉर्डात जाल तेव्हा टॅब छातीशी धरून, चेहरा गंभीर करून, स्क्रीनकडे बघत हिस्टरी घ्या. दोन मिनिटांत खाटेवरची आजी म्हणेल, "डाक्टर, मी इकडं हाये." रागावू नका, तिचे बरोबर आहे.

खरी परीक्षा पावसाळ्यात. निंदणाला गेलेला माणूस साप चावून येतो, आणि नवशिका डॉक्टर टॅबवर सापांचे फोटो दाखवून विचारतो, "यातला कोणता?" घाबरलेला माणूस पहिल्याच फोटोवर बोट ठेवतो. फोटो बंद करा. शिरेतले २ मिली ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्या (प्लास्टिकची चालत नाही) आणि नळी २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवा. आणि आता, एवढा पैसा घालून घेतलेल्या टॅबचे खरे काम : स्टॉपवॉच लावा. वेळ भरल्यावर नळी एकदाच कलती करा. रक्त वाहिले, तर ते गोठत नाही. घोणस किंवा फुरशाचा संशय घ्या आणि सिनिअरला हाक मारा. गोठले म्हणून निवांत होऊ नका. मण्यार-नागाच्या विषात रक्त नीट गोठते आणि पापण्या मिटू लागतात. त्या २० मिनिटांत नजर पापण्यांवर ठेवायची आहे. वेळ संपल्याची शिट्टी टॅब आपणहून वाजवतो, त्याच्याकडे टक लावून बसावे लागत नाही. (ई-रीडर शिट्टी वाजवत नाही. हेच ते कारण.)

खाटेवर ठेवलेला टॅब पुढच्या खाटेवर नेण्याआधी ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ब्लीच वापरू नका. जंतूंबरोबर काचेवरचा लेपही जातो.

राहिले चार्जिंग. खाटेजवळचा सॉकेट सक्शन मशीनचा असतो. त्याची पिन काढून तिथे आपला चार्जर लावलात, तर सिस्टर जे बोलतील, ते हॅरिसनच्या दोन्ही खंडांत सापडणार नाही.