नाबाद स्वागताध्यक्ष

परवा रात्री अकरा वाजता भाचीनं तिचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “मामा, हे मोठ्यानं वाच.”

प्रेसनोट होती. मावळातल्याच एका गावी झालेली महिला खो-खो स्पर्धा, खुला गट. ‘स्पर्धेचे उद्घाटन अमुक यांच्या शुभहस्ते, तमुक यांच्या अध्यक्षतेखाली व पुढील मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत...’ तिथून मी एका दमात वाचत गेलो. दम संपला, मान्यवर संपेनात. माजी सरपंच, आजी सरपंच, बॅनरवरून भावी सरपंच. नारळ कुणी वाढवला, मैदानाचं पूजन कुणी केलं, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. मोजली तर एकोणीस नावं. मग एक ओळ : ‘अंतिम सामना अत्यंत चुरशीचा झाला.’ आणि शेवटची : ‘क्रीडारसिक मोठ्या संख्येने उपस्थित होते.’

“जिंकलं कोण?” भाचीनं विचारलं.

मी चष्मा पुसून पुन्हा वरून खाली आलो. नव्हतं. सोबत फोटो होता, त्यातही नव्हतं. स्टेजवर सतरा माणसं, चषकाचा एक कान स्वागताध्यक्षांच्या हातात, दुसरा प्रमुख पाहुण्यांच्या. पुढं जमिनीवर मांडी घालून बसलेल्या मुली. अर्ध्या कापल्या गेलेल्या, कारण बॅनर पूर्ण यायला हवा होता.

भाचीनं चाकणच्या एका कारखान्यातली क्वालिटीतली नोकरी सोडून मैत्रिणीबरोबर वेबसाइट काढली आहे. बायकांच्या खेळांच्या बातम्या, फक्त त्याच, मराठीत. साइटचं नाव इथं छापत नाही, फुकट जाहिरात केली म्हणून संपादक रागावतील. नावावरून घरात तीन दिवस खल चालला होता. ताईनं ‘हिरकणी’ सुचवलं, दाजींनी ‘रणरागिणी’, समोरच्या काकूंनी ‘दुर्गा’. भाची म्हणाली, पुरुषांच्या पानाला कुणी ‘बजरंगबली’ म्हणतं का? तिथं नुसतं ‘क्रीडा’ लिहिलेलं चालतं.

कचेरी आमच्या मागच्या गॅलरीत. एका अंगाला वॉशिंग मशीन, दुसऱ्या अंगाला संपादक मंडळ. मशीन पिळायला लागलं की फोनवरची मुलाखत थांबते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत लिहिलंय, की डिजिटल बातम्या देणाऱ्यानं तक्रार निवारण अधिकारी नेमावा आणि त्यानं पंधरा दिवसांत निर्णय द्यावा. त्यावर काय कोर्टकज्जे झाले ते वकील जाणोत. भाचीनं पद भरून टाकलं. एक मुलगी संपादक, दुसरी वार्ताहर, उरलो मी. पगार नाही, पण दोनशे पानी वही मिळाली. पहिल्या पानावर ‘तक्रार’ आणि ‘निकाल’ असे दोन रकाने आखून ठेवले आणि वाट बघत बसलो. तक्रार करायला आधी कुणीतरी वाचावं लागतं.

सल्ले मात्र भरपूर आले. तळेगावात बाईनं काही सुरू केलं की पहिल्या पाच मिनिटांत उमाबाई दाभाडे निघतातच, तशा निघाल्या. मराठ्यांच्या फौजेची सेनापती म्हणून जिचं नाव घेतात अशी ही एकच स्त्री, आणि ती आमच्या गावची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत मुलगा त्रिंबकराव पडला, पुढच्याच वर्षी बाई अहमदाबादेवर चालून गेल्या. मी गावातल्या चार जाणत्यांना विचारून बघितलं. शाहू महाराजांनी त्यांच्या पायात सोन्याचे तोडे घातले, ही गोष्ट चौघांनाही पाठ. फौज किती होती, वेढा किती दिवस चालला, डाव काय टाकला? चौघेही पुन्हा तोड्यांवर आले. सत्काराची बातमी तीनशे वर्षं टिकली, सामन्याची नाही. म्हणजे प्रेसनोट लिहिणाऱ्या गृहस्थांचं घराणं जुनं आहे.

दाजींचा आक्षेप गुजरातबद्दलच, पण वेगळा. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा दीड लाख कोटींचा प्रकल्प तळेगावला येता येता तिकडं गेला, तेव्हापासून ते कुठल्याही नव्या उद्योगाचं स्वागत ‘राहील ना इथं?’ असं करतात. भाची म्हणाली, “राहील, गॅलरी आपल्या मालकीची आहे.”

भांडवलाचं म्हणाल, तर त्याचा इतिहास सांगायची आमच्या गावात उत्तम सोय आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना निघाला. भाचीनं त्याच धर्तीवर रोज एक रुपया वर्गणी ठेवली आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. ग्रुप हलला. कुणी काच कारखान्याचा जुना फोटो टाकला, कुणी टिळकांचा, एकानं ‘तेव्हाची माणसंच वेगळी’ असं लिहिलं, त्याला एकवीस अंगठे आले. वर्गणीदार झाले दोन. एक मी. दुसरी तिची आई, आणि तिनंही माझ्याकडून सुटे मागितले.

मग व्यवहारी लोक आले. “जोडीला आयपीएल टाक, मग बघ कशी चालते.” हे म्हणजे उपवासाच्या पदार्थांचं दुकान काढणाऱ्याला ‘शेजारी तर्रीचं पातेलं ठेव’ असं सांगणं. गर्दी होईल हो, पण साबुदाण्याला कोण विचारणार? दुसरे म्हणाले, खेळाडूंची लग्नं, मेकअप, आवडती भाजी असं काहीतरी खेळकर घाल. त्यांचंही खोटं नाही. गूगलवर एखाद्या महिला खेळाडूचं नाव टाइप करून बघा. वय, उंची, नवरा एवढं खाली आपोआप येतं. सरासरी आपल्याला हातानं लिहावी लागते.

या सगळ्याचं मूळ गहुंज्यात आहे, म्हणजे आमच्या दारात. मे २०२२ मध्ये तिथल्या स्टेडियमवर महिलांची टी-ट्वेंटी चॅलेंज स्पर्धा झाली. संघ तीन. आता जुना हिशेब ऐका. भारतातली पहिली महिला आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा एप्रिल १९७३ मध्ये पुण्यातच झाली होती. मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश : संघ तीन! एकोणपन्नास वर्षांत आपण पुण्याहून गहुंज्यापर्यंत आलो, संघ तेवढेच. त्या चॅलेंजमध्ये भाचीनं किरण नवगिरेला पाहिलं. सोलापूरची पोर, तेव्हा खेळायची नागालँडकडून. २५ चेंडूंत पन्नास, ३४ चेंडूंत ६९. परतताना गाडीत भाची म्हणाली, हिच्याबद्दल मराठीत काही वाचायला मिळेल ना? घरी येऊन शोधायला बसली. बरंच मिळालं, पण त्यात ‘सोलापूरची लेक’ जास्त आणि फलंदाजी कमी.

लेक हा शब्द मला गोड वाटायचा. आता धसका घेतलाय. सांगलीची लेक, साताऱ्याची लेक, नागपूरची लेक. अदिती स्वामी २०२३ मध्ये सतराव्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली, दिव्या देशमुख २०२५ मध्ये कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक घेऊन आली. आपण त्यांना लेक केलं, ओवाळलं आणि मोकळे झालो. लेकीचा निकाल कोण विचारतं? कौतुक केलं की झालं. पुरुष खेळाडू जिल्ह्याचा जावई होत नाही, तो सलामीवीर असतो.

मार्च २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली. पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ९५१ कोटींना गेले होते. त्याच लीगमध्ये नवगिरेनं पहिलं अर्धशतक काढलं, तेव्हा तिच्या बॅटवर प्रायोजकाचं नाव नव्हतं. हातानं लिहिलेलं होतं : एमएसडी ०७. नऊशे एक्कावन्न कोटी मैदानभर पसरलेत आणि बॅट रिकामी, तर पोरीनं पेन घेऊन धोनीची जाहिरात केली! भाची स्वतःच्या धंद्याची काळजी वाटली, की तो फोटो काढून बघते. मला त्यात धीर येण्यासारखं काय आहे ते कळलेलं नाही.

आणि १७ ऑक्टोबर २०२५. वसुबारस होती. त्या दिवशी याच नवगिरेनं महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या टी-ट्वेंटीत जगात कुणी इतक्या लवकर केलेलं नाही. पंजाबच्या ११० धावा आठ षटकांत संपवल्या. आमच्या घरात त्या संध्याकाळी चकल्या का विरघळताहेत यावर चर्चा चालू होती. भाचीनं बातमी दिली तेव्हा दाजी म्हणाले, “अरे वा. मोहन जास्त झालं असेल.” ते चकलीबद्दल होतं.

सोळा दिवसांनी, २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. सोसायटीत उरलेले फटाके उडाले. दाजी रात्री एक वाजेपर्यंत दीप्ती शर्माच्या पाच बळींवर बोलत होते. सगळ्यांना सगळं आधीपासून माहीत होतं.

युनेस्कोनं सांगितलेला एक हिशेब भाचीनं वॉशिंग मशीनवर चिकटवलाय. खेळणाऱ्यांत बायका ४० टक्के, बातम्यांत ४. मधलं शून्य कुठं गेलं? मला संशय हारतुऱ्यांचा आहे. अमेरिकेत बिली जीन किंगनं १९७४ मध्ये बायकांच्या खेळाचं मासिक काढलं, पण तिच्या मागं विम्बल्डनची विजेतेपदं होती. आमच्या भाचीच्या मागं धुण्याचं मशीन आहे.

तर, खो-खो. भाचीनं गुणलेखकाला फोन लावला. शाळेतले पीटीचे सर. झोपेतून उठून त्यांनी गुणपत्रिकेचा फोटो पाठवला. चहाच्या कपाचा गोल डाग, त्याच्या आत बारीक, सुबक अक्षर. अटीतटीचाच होता सामना : एक गुण आणि पन्नास सेकंद राखून विजय. एका मुलीचं संरक्षण २ मिनिटं ४० सेकंद, वर चार गडी टिपलेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या कर्णधारपदाखाली आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० हरवलं, त्याचा तपशील जसा लिहितात तसा हा. सरांनी खाली आणखी एक नोंद केली होती : ‘सामन्याची वेळ ४.००. प्रत्यक्ष सुरुवात ६.१०. कारण : भाषणे.’

तेवढ्यात स्वागताध्यक्षांच्या माणसाचा निरोप आला. साहेबांचा वाढदिवस जवळ आलाय, साइटवर महिनाभर जाहिरात देऊ, पैसे आगाऊ. फक्त बातमीत साहेबांचं नाव राहू द्या, आणि जरा सविस्तर. रक्कम ऐकून संपादकांनी वार्ताहराकडं पाहिलं, वार्ताहरानं मशीनकडं. तेवढ्या पैशांत साइटचं वर्ष निघणार होतं.

“देऊ की नाव,” भाची म्हणाली. “सविस्तर देऊ.”

मैत्रिणीकडं कार्यक्रमाचं चित्रीकरण होतं. दोघी पहाटे दोनपर्यंत घड्याळ लावून बसल्या. सकाळी बातमी आली. वर सामना : गुण, संरक्षण, टिपलेले गडी, दोन्ही संघांतल्या सगळ्या मुलींची नावं. त्याखाली ‘उद्घाटन सोहळा’, त्याच पद्धतीनं :

स्वागताध्यक्ष (२६.१० मि., नाबाद). प्रमुख पाहुणे (१८.४० मि., माइक बंद पडल्याने बाद). माजी सरपंच (९.०५ मि. व दोन शेर). आभार (११.३० मि., अंधुक प्रकाशामुळे खेळ थांबवला). खो-खोची एक पाळी नऊ मिनिटांची असते, ही माहिती वाचकांसाठी कंसात.

दुपारपर्यंत बातमी चाकणच्या शिफ्टबसांतून फिरून आली होती. ग्रुपवर टाकणारे तेच, टिळकांच्या फोटोवाले. संध्याकाळपर्यंत सोळा वर्गणीदार वाढले आणि एका संघाच्या बारा मुलींनी आपापली ओळ कापून स्टेटसला लावली. २ मिनिटं ४० सेकंदवालीनं संपादकांना फोन करून विचारलं, ताई, हे कायम राहतं ना साइटवर?

आठ वाजता माझा फोन वाजला. स्वागताध्यक्ष स्वतः. तक्रार निवारण अधिकारी आपणच का? मी उभा राहिलो. म्हटलं जाहिरात गेली, आता बहुतेक गॅलरीही जाणार.

“बातमी वाचली,” ते म्हणाले. “आमच्या नावापुढं सव्वीस मिनिटं दहा सेकंद लावलंय.”

“हो.”

“मी तेहतीस मिनिटं बोललो. तुमच्या मुलीनं चित्रीकरण उशिरा सुरू केलं. आमच्याकडं पूर्ण व्हिडिओ आहे, पाठवतो. दुरुस्ती त्याच जागी छापा.”

वही उघडली. तक्रार क्रमांक १ म्हणून नोंद केली आहे. निकाल पंधरा दिवसांत.