डोळे दोन, प्रोजेक्ट छप्पन्न

जानेवारी सरला की चेन्नईत दोन गोष्टींना ऊत येतो: उकाड्याला आणि 'फायनल इयर प्रोजेक्ट'ला. अण्णा सलाईलगतच्या रिची स्ट्रीटवर मग पाय ठेवायला जागा उरत नाही. मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड आठवावा, पुणेकरांनी पासोड्या विठोबाचा परिसर. आर्डुइनो, ब्रेडबोर्ड, जंपर वायरी आणि ढिगाने एचसी-एसआर०४. हा शंभर रुपयांच्या आतला, दोन चंदेरी डोळ्यांचा सेन्सर. एक डोळा आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो, दुसरा त्याचा प्रतिध्वनी टिपतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं.

अभियांत्रिकीच्या पोरांचं हे सध्याचं कुलदैवत. कचऱ्याच्या डब्यावर बसवलं की स्वच्छ भारत, पाण्याच्या टाकीवर बसवलं की जलसंवर्धन, मोटारीच्या खेळण्याला लावलं की अपघातमुक्त रस्ते आणि काठीला बांधलं की दृष्टिहीनांची सेवा. आतला कोड तोच, बदलतो तो सनबोर्ड. गिऱ्हाइकाने सेन्सर मागितला की काउंटरवरच्या अण्णांनी "डबा की काठी?" एवढंच विचारावं, अशी परिस्थिती आहे.

स्वतः जोडायचाही कंटाळा असेल तर प्रोजेक्ट सेंटरं आहेतच. मंगल कार्यालयासारखं सगळं पॅकेजमध्ये: चालतं मॉडेल, काळ्या पुठ्ठ्यातला अहवाल, वर वायवाची तालीम. इथल्या कॉलेजांत पहिल्या रिव्ह्यूच्या आधी 'झीरोथ रिव्ह्यू' असतो, म्हणजे शून्यावा. बऱ्याच प्रोजेक्टांमधला विद्यार्थ्याचा वाटा त्या नावातच आला.

निव्वळ हौसेखातर शिकणाऱ्यांनीही फार हसू नये. तेराव्या पिनवरचा एलईडी लुकलुकला की दुसऱ्या दिवशी थेट रोबो. मधलं सगळं कॉपी-पेस्ट.

त्या कॉपी-पेस्टमध्ये एक आकडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: ०.०३४. मायक्रोसेकंदांत मिळालेल्या वेळेला याने गुणायचं, दोनाने भागायचं, की सेंटीमीटर हातात. हा आवाजाचा वेग, सेकंदाला ३४० मीटर. पण आवाज हवेच्या तापमानाप्रमाणे पळतो आणि ३४० हा आकडा साधारण १५ अंशांचा आहे. आर्डुइनोचा जन्म २००५ सालचा, इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या इव्रेआ गावातला. तिथे १५ अंश म्हणजे सुखाची हवा. चेन्नईत ते एसीलाही जमत नाही, त्याचा रिमोट सोळावर थांबतो. मे महिन्यात ३८ अंशांना आवाज सेकंदाला ३५४ मीटर धावतो, म्हणून मीटरभर लांबची भिंत आपला सेन्सर ९६ सेंटीमीटरवर दाखवतो.

डब्याचं झाकण उघडायला चार सेंटीमीटरने काही बिघडत नाही, कबूल. पण वायवात "हा ०.०३४ कुठून आला?" असं विचारलं तर "कोडमध्ये होता, सर" यापलीकडे उत्तर नसतं. सुदैवाने सर विचारत नाहीत. त्यांच्याही कोडमध्ये तो होताच.

काठीचं मात्र मला खरंच कौतुक वाटतं. सेन्सर समोर रोखलेला, भिंत आली की बझर वाजतो. भिंत तर साध्या काठीलाही कळते, आणि तिला बॅटरी लागत नाही. चेन्नईच्या फुटपाथवर भीती असते ती पावसाळी गटाराच्या उघड्या तोंडाची. खड्डा काही प्रतिध्वनी पाठवत नाही. समोर काहीच नाही म्हणून काठी गप्प राहते आणि माणूस आत जातो. सेन्सर तिरका जमिनीकडे रोखून, अंतर अचानक वाढलं की बझर वाजवता येईल का, हे निदान करून बघता आलं असतं. पण त्यासाठी काठी घेऊन कॉलेजच्या फाटकाबाहेर चार पावलं टाकायला हवीत आणि एखाद्या दृष्टिहीन माणसाला विचारायला हवं. प्रात्यक्षिक होतं ते लॅबमध्ये, गुळगुळीत फरशीवर, खोक्यासमोर. बझर वाजतो, बाह्य परीक्षक चहा संपवतात, सही होते.

मग अहवालातलं शेवटचं प्रकरण, 'फ्यूचर स्कोप'. गेली काही वर्षं तिथे 'यात आयओटी जोडता येईल' असं लिहिलेलं असायचं. आता 'यात एआय जोडता येईल' असतं. पुढच्या बॅचला तोच डबा एआयसकट मिळेल, दर थोडा चढा, ०.०३४ फुकट.