टक्क्यांच्या हिशेबाने रत्नागिरी

गणेशोत्सवात विद्युत मोटारीने मुंबईहून रत्नागिरीस जाणे हा प्रवासाचा एक स्वतंत्र प्रकार मानावा लागतो, कारण त्यात अंतर किलोमीटरमध्ये न मोजता बॅटरीत उरलेल्या टक्क्यांमध्ये मोजले जाते. रस्ता सुमारे ३३० किलोमीटरचा, आणि २०२० मध्ये बाजारात आलेल्या नेक्सॉन ईव्हीच्या पहिल्या आवृत्तीचा प्रमाणित पल्ला, म्हणजे एका चार्जिंगमध्ये कापता येणारे अंतर, ३१२ किलोमीटरचा. हा पल्ला चाचणीच्या ठरावीक चक्रात मोजलेला असतो आणि त्या चक्रात चार माणसे, वातानुकूलन, मखर व मोदकांचे साचे नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो दोनशेच्या आसपास उतरतो.

या प्रवासाचा आरंभ महामार्गावर न होता गृहनिर्माण संस्थेच्या सभेत होतो. पार्किंगमध्ये चार्जर बसवण्यास संस्थेची संमती लागते, आणि ज्यांच्याकडे मोटार नाही असे सभासद आगीची शक्यता, सामाईक मीटर आणि भिंतीचा नवा रंग या तीन मुद्द्यांवर सविस्तर बोलल्याखेरीज ती मिळत नाही.

२०११ पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर मात्र मोटारीचे खरे गुण प्रकट होतात. माणगावच्या कोंडीत पेट्रोलच्या गाड्या जागच्या जागी इंधन जाळत असताना विद्युत मोटार केवळ वातानुकूलनापुरती वीज खाते, म्हणजे रस्ता जितका रखडेल तितका तिचा मान वाढतो. परशुराम घाटाच्या उतारावर मोटर जनित्रासारखी फिरून थोडी वीज बॅटरीस परत करते, आणि चढात गेलेल्या टक्क्यांपैकी एखादा परत आलेला दिसताच चालक तो सहप्रवाशांना बोट दाखवून दाखवतो.

खरी परीक्षा चार्जिंग केंद्रावर होते. अ‍ॅपमध्ये दोन गन, म्हणजे गाडीत खुपसायचे जाड केबलचे दांडे, उपलब्ध दिसतात. प्रत्यक्षात एकीवर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवलेला असतो आणि दुसरी ज्या मोटारीत असते तिचे मालक शेजारच्या हॉटेलात थाळी मागवून बसलेले असतात. ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरी जपण्यासाठी विजेचा वेग आपोआप मंदावतो, आणि ‘पूर्ण भरूनच निघू’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थांचे ताक होईपर्यंत रांगेतल्या मंडळींची परस्परांशी दूरची नाती निघतात. गावी पोहोचल्यावर पडवीतल्या पंधरा अँपिअरच्या प्लगला मोटार लावली की बॅटरी भरण्यास अख्खी रात्र जाते. आणि आरतीच्या ऐन वेळी फ्यूज उडाला, तर घरातील आजी दोष वायरमनला न देता थेट मोटारीला देतात.

अर्थशास्त्राचा हिशेबही तपासण्याजोगा आहे. समजा, पेट्रोलच्या जोडगाडीपेक्षा विद्युत मोटार तीन लाखांनी महाग पडली आणि दर किलोमीटरला चार रुपये वाचले, तर वरचे पैसे वसूल होण्यास पंचाहत्तर हजार किलोमीटर धावावे लागते. रोज लोकलने कचेरीत जाणारा आणि वर्षाकाठी नऊ हजार किलोमीटर मोटार हाकणारा मालक त्या टप्प्यावर आठ वर्षे चार महिन्यांनी पोहोचतो, तर बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते. म्हणजे नफा दारात येतो तेव्हा हमी नुकतीच निघून गेलेली असते. शिवाय देशातील बहुतांश वीज अद्याप कोळशावर होते, त्यामुळे धूर नाहीसा न होता बव्हंशी औष्णिक केंद्राच्या चिमणीवर स्थलांतर करतो, ही शंका सभेतील सभासदांना सुचली नाही हे मालकाचे भाग्यच.

तात्पर्य, ज्याच्या पार्किंगमध्ये स्वतःचा प्लग आहे आणि ज्याची रोजची धाव पन्नास-साठ किलोमीटरची आहे, त्याने विद्युत मोटार खुशाल घ्यावी. ज्याला केवळ गणपतीला कोकणात विजेवर जायचे आहे, त्याने रेल्वेचे तिकीट काढावे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २०२२ पासून विद्युतीकृत आहे, आणि तिथे रांग लागते ती फक्त आरक्षणाची.